भरल्या ट्रॉलीला ट्रॅक्टर ओढत नाही?

चढाला इंजिन नुसतेच रेस होते, ट्रॅक्टर पुढे सरकत नाही, जळका वास येतो, तर समजावे, क्लच घसरतोय. लगेच प्लेट बदलू नका. आधी पेडलचा मोकळा खेळ पुस्तिकेप्रमाणे करून घ्या. खेळच नसेल तर चांगली प्लेटही घसरते. तरीही घसरला तर मेस्त्रीकडून उघडून पाहावा. प्लेटला ऑइल लागले असेल तर आधी गळका सील बदला, नाहीतर नवी प्लेटही वाया जाते. नवी घेताना जुनी सोबत न्या. व्यास आणि मधले दाते तंतोतंत जुळले पाहिजेत. प्रेशर प्लेटही तपासा. ड्रायव्हरला बजावा, क्लचवर पाय ठेवून चालवू नको. आम्ही गटागटांत पाहतो, तोडलेला ऊस वाटेत अडकला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात. नुकसान आपलेच!