नवी संगणकप्रणाली आली, वायरलेस कुठे गेले?

मंचरहून घोडेगाव, डिंभे या मार्गाने भीमाशंकरकडे जाणारा रस्ता जसजसा डोंगर चढू लागतो, तसतशा मोबाइलच्या पडद्यावरील रेघा कमी होत जातात. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या या पश्चिम पट्ट्यात संगणक शाळेत असो, ग्रामपंचायतीत असो वा घरात. त्याला इंटरनेट मिळते ते अनेकदा हवेतूनच. अशा ठिकाणी जुन्या संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, संगणक व्यवस्थित सुरू झाला, मराठी अक्षरेही दिसू लागली. पण वाय-फायचे चिन्ह मात्र पडद्यावरून नाहीसे झाले, तर काय करायचे? शहरात हा तासाभराचा मनस्ताप असतो. डोंगरातल्या गावात त्याचा अर्थ तालुक्याच्या ठिकाणी एक फेरी, बुडालेला दिवस आणि कदाचित शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जाची हुकलेली मुदत असा होतो.

हा प्रश्न आता अधिक जणांपुढे येतो आहे, त्याला कारण आहे. 'विंडोज १०' या प्रणालीची नियमित सुरक्षा-अद्यतने मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या 'विंडोज ११'साठी 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर असावा लागतो. अनेक जुने संगणक या अटीत बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण प्रणाली कालबाह्य, अशा या संगणकांपुढे भंगाराचा रस्ता नको असेल, तर लिनक्सवर आधारित मोफत प्रणालींचा पर्याय उरतो. त्यांत उबुंटू आणि लिनक्स मिंट आहेत, तसेच आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये आणलेली, मराठीसह भारतीय भाषांना वाव देणारी 'बॉस' ही प्रणालीही आहे. प्रणाली बदलणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अडते ते बहुधा वायरलेसपाशी.

डोंगल म्हणजे एक रेडिओच

संगणकातील वायरलेस ॲडॉप्टर म्हणजे एक छोटा रेडिओ आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी टिपतात. मात्र नुसत्या अँटेनाला त्या लहरींचा अर्थ कळत नाही. लहर ग्रहण करणारा संच हवा, तो चालविणारी आज्ञावली हवी आणि मिळालेली माहिती संगणकापर्यंत पोहोचविणारी व्यवस्था हवी.

बोटाएवढ्या वाय-फाय डोंगलची गोष्टही अशीच आहे. तो २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी पाठवितो आणि ग्रहण करतो. त्याला संगणकाशी जोडणारे दोन दुवे डोळ्यांना दिसत नाहीत. पहिला दुवा ड्रायव्हरचा. ही आज्ञावली ऑपरेटिंग सिस्टिममध्ये राहते आणि प्रणालीची भाषा ॲडॉप्टरला समजावून सांगते. दुसरा दुवा फर्मवेअरचा. ही आज्ञावली प्रत्यक्ष ॲडॉप्टरमधील चिपच्या आत चालते. पुष्कळ चिपांना स्वतःची कायमची स्मृती नसते. त्यामुळे संगणक सुरू होताना दर वेळी ड्रायव्हरला फर्मवेअरची फाइल चिपमध्ये भरावी लागते.

प्रणाली बदलली, की जुने ड्रायव्हर निकामी ठरतात. ॲडॉप्टर बिघडलेला नसतो. त्याची भाषा जाणणारा दुभाषा तेवढा नाहीसा झालेला असतो. हा अनुभव नवा नाही. जानेवारी २००७ मध्ये 'विंडोज व्हिस्टा' बाजारात आली, तेव्हाही अनेक जुन्या उपकरणांना नवे ड्रायव्हर शोधावे लागले होते. त्या काळी लिनक्स वापरणारे लोक तर विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर 'एनडीआयएस रॅपर' नावाच्या साधनातून लिनक्सवर चालवून घेत. आज तो खटाटोप सहसा करावा लागत नाही.

फर्मवेअरची अडचण तांत्रिक कमी आणि तत्त्वाची अधिक होती. चिप बनविणाऱ्या कंपन्या फर्मवेअरचा मूळ मजकूर खुला करीत नाहीत. त्यामुळे मुक्त संगणकप्रणालीचा आग्रह धरणाऱ्या डेबियन प्रकल्पाने अशा फायली आपल्या अधिकृत प्रतीत अनेक वर्षे ठेवल्या नव्हत्या. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदानाने हे धोरण बदलले. जून २०२३ मधील 'डेबियन १२'पासून या फायली प्रणालीसोबतच येऊ लागल्या. म्हणूनच डेबियनवर आधारित प्रणालीची जुनी सीडी वा जुनी प्रत वापरण्याऐवजी अलीकडची प्रत घेतली, तर निम्मे काम तिथेच होते.

प्रणाली टाकण्यापूर्वी

या प्रकरणातील खरी गाठ अशी, की इंटरनेट मिळण्यासाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर मिळविण्यासाठी इंटरनेट हवे. ही गाठ सोडविण्याची वेळ जुनी प्रणाली पुसण्यापूर्वीची आहे, नंतरची नव्हे.

प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. त्यानंतर ॲडॉप्टरची खरी ओळख टिपून घ्यावी. खोक्यावर छापलेले नाव पुरेसे नसते. टीपी-लिंक कंपनीच्या 'डब्ल्यूएन ७२२ एन' या लोकप्रिय डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉस कंपनीची चिप होती, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची. नाव तेच, पण ड्रायव्हर निराळा. म्हणून विंडोजमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावे, 'नेटवर्क ॲडॉप्टर्स'खाली आपला वायरलेस ॲडॉप्टर शोधावा, त्याच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'डिटेल्स' या पानावर जाऊन 'हार्डवेअर आयडी' पाहावा. तेथे चार-चार अक्षरांचे दोन संकेतांक दिसतात. पहिला कंपनीचा, दुसरा उपकरणाचा. इंटेलचा संकेतांक ८०८६, तर रिअलटेकच्या यूएसबी उपकरणांचा '०बीडीए' असा असतो. हे दोन्ही संकेतांक वहीत जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. ड्रायव्हरचा शोध याच संकेतांकांवरून घ्यायचा असतो. लिनक्समध्ये टर्मिनल उघडून यूएसबी डोंगलसाठी 'एल-एस-यू-एस-बी' आणि आतील कार्डासाठी 'एल-एस-पी-सी-आय' ही अक्षरे इंग्रजीत, लहान लिपीत टंकली, की कोणती उपकरणे जोडलेली आहेत याची यादी मिळते.

पुढची पायरी म्हणजे प्रणाली न टाकता तिची चाचणी घेणे. उबुंटू, मिंट या प्रणाली पेन ड्राइव्हवरून थेट चालविता येतात. त्यांना 'लाइव्ह' प्रत म्हणतात. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा आणि वाय-फाय दिसते का ते पाहावे. दिसले, तर प्रणाली टाकल्यावरही ते चालण्याची बहुतांशी खात्री झाली. न दिसल्यास संगणक पुन्हा सुरू करून जुन्या प्रणालीत परतता येते. काहीच गमावलेले नसते. मिंटची प्रत सुमारे तीन गिगाबाइटची असते. ती मंचर, नारायणगाव किंवा पुण्यासारख्या ठिकाणी उतरवून आणणे शहाणपणाचे. ड्रायव्हरच्या फायली त्या मानाने बऱ्याच लहान असतात; त्याही त्याच पेन ड्राइव्हवर ठेवाव्यात.

मोबाइलची तार

एवढे करूनही वायरलेस चालले नाही, तर हाताशी असलेला सर्वांत सोपा उपाय म्हणजे अँड्रॉइड मोबाइल. तो यूएसबी केबलने संगणकाला जोडावा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे. संगणकाला हे तारेने जोडलेले नेटवर्क वाटते. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये आणि नव्या विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. काही स्वस्त केबलींमधून केवळ वीज जाते, माहिती जात नाही. म्हणून टेदरिंगचा पर्याय निवडता येत नसेल, तर आधी केबल बदलून पाहावी. मोबाइलला ज्या खिडकीपाशी वा ओट्यावर रेंज मिळते, तेथे संगणक तात्पुरता हलवावा लागला तरी हे काम एकदाच करायचे आहे.

टेदरिंग सुरू झाले, की उबुंटूमध्ये 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडावे. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपांसाठी लागणारे ड्रायव्हर तेथे एका टिचकीसरशी मिळतात. रिअलटेकच्या काही यूएसबी चिपांचा अंतर्भाव लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये, झाला आहे. यूएसबीवरील '८८२१ सीयू' या चिपेला फेब्रुवारी २०२३ मधील ६.२ या कर्नलपासून आधार मिळाला. त्यामुळे जुन्या प्रतीवर न चालणारा डोंगल केवळ प्रणाली अद्ययावत केल्याने सुरू झाला, असेही घडते.

कुठे अडते?

ड्रायव्हर असूनही वायरलेस चालत नाही, तेव्हा पुढील पाच गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

१) बंद कळ : अनेक लॅपटॉपवर वायरलेस बंद-चालू करण्याची स्वतंत्र कळ असते. ती चुकून दाबली गेली किंवा 'एअरप्लेन मोड' सुरू राहिला, तर ड्रायव्हर कितीही चांगला असून उपयोग होत नाही.

२) सीडीचे सोंग : काही डोंगल जोडल्याबरोबर सीडी ड्राइव्ह असल्याचे भासवितात. त्या आभासी सीडीत विंडोजचा ड्रायव्हर असतो. लिनक्समध्ये अशा वेळी 'यूएसबी मोडस्विच' हे साधन त्याला वाय-फायच्या भूमिकेत आणते. '०बीडीए' आणि '१ए२बी' असे संकेतांक दिसले, तर आपला डोंगल या सोंगात आहे असे समजावे.

३) सिक्युअर बूट : ही सुविधा सुरू असेल, तर अधिकृत स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर लिनक्स स्वीकारीत नाही. ड्रायव्हर टाकताना प्रणाली एक पासवर्ड ठरवायला सांगते आणि संगणक पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर तोच विचारते. घाईने हा पडदा ओलांडला, तर ड्रायव्हर टाकूनही निष्क्रिय राहतो.

४) कर्नलचे अद्यतन : बाहेरून आणून बसविलेला ड्रायव्हर त्या वेळच्या कर्नलपुरता तयार झालेला असतो. कर्नल बदलला, की वायरलेस पुन्हा गायब होते. 'डीकेएमएस' या व्यवस्थेतून ड्रायव्हर बसविला असल्यास प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो आपोआप नव्याने तयार केला जातो.

५) देशाची निवड : कोणत्या देशात कोणत्या वाहिन्या वापरता येतात याचे नियम वेगवेगळे आहेत. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि त्यात १३ वाहिन्या बसतात. अमेरिकेच्या नियमांवर बेतलेला ॲडॉप्टर बहुधा ११ वाहिन्याच वापरतो. त्यामुळे शेजारचा मोबाइल जे वाय-फाय पकडतो, ते संगणकाला दिसत नाही. राउटर १, ६ किंवा ११ या वाहिनीवर ठेवणे हा यावरचा सोपा उपाय.

याशिवाय एक बारकावा आहे. यूएसबी ३.० च्या सॉकेटमधून आणि केबलमधून निर्माण होणारा रेडिओ-गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो, असे इंटेलने २०१२ मध्ये दाखवून दिले आहे. आधीच सिग्नल क्षीण असलेल्या ठिकाणी डोंगल दुसऱ्या, जुन्या पद्धतीच्या सॉकेटमध्ये लावल्याने किंवा छोट्या एक्स्टेन्शन केबलने संगणकापासून दूर ठेवल्याने फरक पडू शकतो.

विंडोज ११ मध्येही

ही अडचण केवळ लिनक्सपुरती नाही. विंडोज ११ नव्याने टाकताना, विशेषतः होम आवृत्तीत, सुरुवातीलाच इंटरनेट जोडणीची मागणी होते. वाय-फायचा ड्रायव्हर नसेल, तर गाडी तिथेच थांबते. अशा वेळीही मोबाइलचे यूएसबी टेदरिंग कामी येते. अन्यथा संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर आधीच घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर एका जागी' असे आमिष दाखविणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांपासून मात्र दूर राहावे. ड्रायव्हरला प्रणालीच्या गाभ्यात प्रवेश असतो. चोराच्या हाती किल्ली देण्यासारखेच ते आहे.

नवा डोंगल घ्यायची वेळ आलीच, तर वेगाचे मोठे आकडे पाहून भुलू नये. चिप कोणती आहे आणि तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे का, हे दोनच प्रश्न दुकानदाराला विचारावेत. त्याला उत्तर देता आले नाही, तर न चालल्यास बदलून मिळेल का, हे विचारून घ्यावे.

नव्या प्रणालीवर वाय-फाय दिसले नाही, म्हणजे संगणक निकामी झाला असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो आणि चांगले यंत्र कोपऱ्यात पडून राहते. बहुतेक वेळा उणीव असते ती काही मेगाबाइटच्या एका फाइलची. ती फाइल आधीच पेन ड्राइव्हवर आणलेली असेल, दोन संकेतांक वहीत टिपलेले असतील आणि माहिती वाहून नेणारी एक केबल जवळ असेल, तर पावसाळ्यात धुक्यात बुडालेल्या भीमाशंकरच्या परिसरातही हे काम घरबसल्या होऊ शकते. घोडेगावची फेरी मग दुसऱ्या कामासाठी राखून ठेवता येईल.