चाक कशानं तापलं?

मैत्रिणींनो, गाडीचं काम निघालं की आपण चहा ठेवायला आत जातो. पण घरचा धंदाच गाडीवर असेल, तर तिचं दुखणं निम्मं तरी आपल्याला कळायला हवं. आमची जुनी पिकअप देवगाव फाट्याहून सेलूला भाजीपाला नेते. हिशेबाची वही माझ्याकडे. महिनाभरात लिटरला 13 चं ॲव्हरेज 10 वर आलं. आमचे हे म्हणाले, "डिझेलातच भेसळ असंल." पण गाडी डावीकडे ओढत होती, न्यूट्रलवर पहिल्यासारखी घरंगळत नव्हती आणि थांबली की जळका वास यायचा.

एका गॅरेजवाल्यानं चारही चाकांचं काम सांगितलं. पॅड, लायनर, सिलेंडर, सगळंच नवं! तेवढ्यात लेकीची वर्षाची फी निघाली असती. मग फाट्यावरच्या एका जुन्या मिस्त्रींना दाखवली.

"वहिनी, आधी कोणतं चाक धरतंय ते बघू. सामानाचं मग," ते म्हणाले. थोडी चालवून आणल्यावर त्यांनी प्रत्येक रिमजवळ हात नेला, टेकवला मात्र नाही. पुढचं डावं चाक तव्यासारखं तापलेलं. गार झाल्यावर बाकीच्या चाकांना दगड लावून ते जॅकवर उचललं. ब्रेक दाबून सोडला, तरी चाक हातानं फिरेना. मग त्यांनी कॅलिपरचं निपल जरासं सैल केलं. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं!

याचा अर्थ, पाय काढला तरी ऑइलचा दाब आत अडकून राहत होता. मास्टर सिलेंडर बिघडला असता, तर बहुधा एकाच चाकावर भागलं नसतं. म्हणजे दोष त्या चाकाच्या रबरी होज पाइपात. बाहेरून तो धडधाकट दिसत होता, पण आतून फुगलेला. पायाच्या जोरानं ऑइल पुढं जायचं, परत मात्र येईना. दोन्ही बाजूंचे होज बदलले, हवा काढली, झालं काम.

निपल सोडूनही चाक मोकळं झालं नसतं, तर कॅलिपरचा पिस्टन गंजला असता किंवा त्याच्या पिना सुकल्या असत्या. मागचं चाक धरत असेल तर हँडब्रेकची केबल आधी बघावी. पुढची दोन्ही धरत असतील तर पेडलला थोडी ढिलाई आहे का, ते तपासायचं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं तापलं तर काय बिघडलं? ऑइल उकळलं की त्यात वाफ होते, पेडल खाली जातं आणि भरल्या गाडीला ब्रेकच लागत नाही. म्हणून वास आला की गाडी बाजूला घेऊन गार होऊ द्यावी. तापल्या चाकावर पाणी ओतू नये, डिस्क तडकते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, तेव्हा साधारण दोन वर्षांनी बदलावं. कोणतं घालायचं ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. आणि घाईत कुणी त्यात इंजिन ऑइल ओतायला निघालं, तर हात धरा. त्यानं आतली रबरं फुगतात आणि मग चारही चाकं धरतात.