बाळाचे दात आणि रात्रीचे जागरण : उपाय हिरडीवर हवा, झोपेवर नको

कापूस वेचणीच्या हंगामात आदिलाबाद जिल्ह्यातील तामसी परिसरात बायाबापड्यांचा दिवस भल्या पहाटे सुरू होतो. अशा घरात सहा-सात महिन्यांचे बाळ रात्रीतून चार-पाच वेळा उठून रडू लागले, की आईची झोप तर मोडतेच, शिवाय दुसऱ्या दिवसाचे कामही अडते. ‘दात येताहेत, थोडे दिवस असेच चालायचे,’ असे म्हणून आजी धीर देते. आजीचे म्हणणे बरेचसे खरे असते. मात्र याच वाक्याच्या आडून दोन घातक चुका घडतात. बाळाचा खरा आजार दातांच्या नावावर खपून जातो, आणि त्याला झोप लागावी म्हणून काहीतरी पाजण्याचा मोह होतो. या दोन्ही गोष्टी पालकांनी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

दात येताना नेमके काय होते?

बहुतेक बाळांचा पहिला दात सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो. तो चौथ्या महिन्यात आला किंवा वर्षापर्यंत लांबला, तरी काळजीचे कारण नसते. साधारणपणे आधी खालचे मधले दोन दात येतात, मग वरचे. अडीच ते तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीसही दात येऊन पूर्ण होतात.

दात वर सरकताना हिरडी हुळहुळते, थोडी लाल होते, सुजते. लाळ गळते, बाळ हाती येईल ते चावू पाहते, कान चोळते, चिडचिड करते. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील डॉक्टरांनी सुमारे सव्वाशे बाळांच्या रोजच्या नोंदी ठेवून केलेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. दात दिसण्याच्या चार दिवस आधीपासून तीन दिवस नंतरपर्यंत, म्हणजे जेमतेम आठ दिवस हा त्रास राहतो, असे त्यात आढळले. म्हणूनच महिना-दीड महिना सतत चाललेल्या जागरणाचा सगळा दोष दातांना देता येत नाही.

रात्रीच रडे का वाढते?

दिवसा बाळाचे मन रमवायला माणसे असतात, आवाज असतात, अंगण असते. रात्री यातले काहीच नसते आणि हिरडीची ठणक तेवढी जाणवत राहते. शिवाय या वयात झोप सावध असते. दर तासाभराने बाळ अर्धवट जागे होते आणि पुन्हा झोपी जाते. ठणक असेल तर ते पुन्हा झोपत नाही. याच काळात रांगायला लागणे, आई नजरेआड झाली की घाबरणे, वरचे अन्न सुरू होणे असे बदलही घडत असतात. त्यामुळे बाळ उठले की भूक, ओले कपडे, थंडी, चोंदलेले नाक हे सारे आधी पाहावे आणि मग दाताकडे वळावे.

ताप आणि जुलाब दातांचे नव्हेत

दात येताना अंग किंचित कोमट लागू शकते. परंतु १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, वारंवार पातळ शौच, उलट्या, खोकला ही दात येण्याची लक्षणे नाहीत. तरीही हा समज पिढ्यान्‌पिढ्या टिकला, त्यामागे एक योगायोग आहे. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरू लागते. नेमके त्याच वेळी बाळ जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालू लागते आणि त्याला वरचे अन्न-पाणी दिले जाते. जंतुसंसर्ग होतो तो यातून, आणि नाव मात्र दातांचे होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या मृत्युनोंदींतसुद्धा ‘दात येणे’ हे बाळाच्या मृत्यूचे कारण म्हणून लिहिले जात असे.

या समजुतीत दोन दिवस गेले, तर जुलाब झालेल्या बाळाच्या अंगातले पाणी कमी होऊन जिवावर बेतू शकते. अशा वेळी ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच स्वच्छ पाण्यात विरघळवून चमच्याचमच्याने पाजावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि आरोग्य केंद्रात जावे. तेथे सांगितल्याप्रमाणे झिंकच्या गोळ्या पूर्ण १४ दिवस द्याव्यात.

घरी काय करावे?

हात साबणाने धुऊन, नख कापलेल्या बोटाने हिरडी एक-दोन मिनिटे हलकेच चोळावी. हा सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा उपाय आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेले स्वच्छ सुती फडके पिळून बाळाला चघळू द्यावे. फ्रीज नसेल, तर ते पाणी झाकलेल्या भांड्यात माठाशेजारी गार ठेवता येते. रबराचे चघळण्याचे कडे असल्यास ते गार करावे, पण बर्फासारखे गोठवू नये. अतिगारव्याने हिरडीला इजा होते. गळणारी लाळ वरचेवर टिपावी, म्हणजे हनुवटीवर पुरळ येत नाही.

खारीक, गाजराचा तुकडा किंवा बिस्कीट हातात देऊन बाळाला एकटे सोडू नये. तुकडा तुटून घशात अडकू शकतो. गळ्यात मण्यांची माळ नको. रंगवलेली लाकडी खेळणी, मग ती आपल्याकडच्या निर्मलची असोत की कोकणातल्या सावंतवाडीची, बाळाच्या नजरेला असावीत, तोंडात नकोत.

रात्री बाळ उठले, तर दिवा मंद ठेवावा, आवाज हळू असावा, जवळ घेऊन थोपटावे, दूध पाजावे. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. नुकताच आलेला दात त्याने किडतो.

काय पाजू नये?

बाळाला गुंगी आणून झोपवण्याची युक्ती जुनी आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया तान्ह्या बाळांना अफूची ‘बाळागोळी’ देत आणि कामावर जात. १९२० च्या दशकातील सरकारी पाहणीत ही प्रथा सर्रास आढळली होती. त्या आया निष्ठुर नव्हत्या. बाळाला सांभाळायला कुणी नव्हते. आज अफूच्या जागी सर्दीचे किंवा झोप आणणारे सिरप आले आहे.

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या दूषित सिरपमुळे वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडले. त्यानंतर दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे केंद्र सरकारने राज्यांना कळवले. याच द्रव्याने नायजेरियात २००८-०९ मध्ये ऐंशीहून अधिक मुलांचा बळी घेतला होता, आणि तेथील औषध तर दात येणाऱ्या बाळांसाठीच विकले जात होते.

हिरडी बधिर करणारी जेलही दुकानातून परस्पर आणू नये. त्यांतील बेन्झोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते, असा इशारा देत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना ते लावू नये असे बजावले. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, गुटीतूनही नाही. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. झोपेसाठी जायफळ उगाळून देण्याचा प्रघातही टाळावा. सहाणेवर किती वळसे म्हणजे किती मात्रा, हे मोजता येत नाही.

पॅरासिटामॉल देताना

ठणक फारच असेल, तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल देता येते. त्याची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते. येथे एक चूक वारंवार होऊ शकते. थेंबांच्या औषधात सहसा १ मिलीलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, तर साध्या सिरपमध्ये ५ मिलीलीटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. एकाचे माप दुसऱ्याला लावले, तर मात्रा चौपट होते. सीमाभागातील मराठी कुटुंबांना दवाखान्यातील सूचना तेलुगूत मिळाल्या, तर ‘किती मिलीलीटर, किती तासांनी’ हे दोन आकडे चिठ्ठीवर लिहूनच घ्यावेत आणि बाटलीवरच्या आकड्याशी ताडून पाहावेत.

दवाखाना केव्हा गाठावा?

१००.४ अंशांवर ताप गेला, बाळ दूध घेईनासे झाले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, धाप लागली, झटका आला, किंवा बाळ नेहमीपेक्षा सुस्त वाटले, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रडणाऱ्या बाळाइतकीच, जागे करूनही न उठणाऱ्या बाळाची काळजी करावी.

एरवी दात आपल्या वेळेने वर येतो आणि ठणक थांबते. तोवरच्या चार-आठ रात्री घरातल्यांनी वाटून घ्याव्यात. अर्धी रात्र आईने आणि अर्धी बाबांनी किंवा आजीने बाळाला खांद्यावर घेतले, तर झोपेचे औषध शोधण्याची वेळ येणार नाही.