मुलग्यांची शाळा काय शिकवू शकते?

पुण्यात 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं ते मुलग्यांसाठी आणि चार वर्षांनी हुजूरपागा निघाली ती मुलींसाठी. साताऱ्याची सैनिक शाळा, देशातली पहिली, 1961 पासून साठ वर्षं मुलग्यांचीच होती; 2021 मध्ये तिथे मुली आल्या. तरीही ‘मुलगे वेगळे बसले की अभ्यासात लक्ष लागतं’ असं मानणारे पालक आजही भेटतात. 2014 मध्ये 21 देशांतल्या 184 अभ्यासांचा, सुमारे 16 लाख विद्यार्थ्यांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. प्रवेशावेळची निवड आणि घरची परिस्थिती लक्षात घेतली, तर वेगळ्या शाळांचा फायदा नगण्य निघाला. नुसतं वेगळं बसवून काही होत नाही.

पण अशा शाळेला एक संधी आयती मिळते आणि ती मला फार मोलाची वाटते. सहशिक्षणाच्या शाळेत स्नेहसंमेलन आलं की रांगोळी, स्वागतगीत, पाहुण्यांचं औक्षण न विचारताच मुलींकडे जातं. मुलगे बाकं उचलतात. इथे मात्र सगळंच त्यांना करावं लागतं. आठवीतला दांडगा मुलगा उकिडवा बसून ठिपके मोजतो, चिमटीतली रेघ जाड पडली की पुसून पुन्हा काढतो. नववीतला, आवाज फुटलेला, एकटा गातो. कोणी हसत नाही, कारण पुढचा नंबर त्यांचाच असतो. जाणता शिक्षक ही कामं मुद्दाम फिरती ठेवतो.

बोलतं करण्याचंही तसंच. स्टाफरूममध्ये उभं करून विचारलं, तर ‘काही नाही सर’ एवढंच हाती लागतं. मैदानावर स्टंप गोळा करताना तोच मुलगा घरातली भांडणं सांगून जातो. उत्तरं दोन ओळींत उरकणाऱ्याला आधी तोंडी सांगू द्यावं, मग लिहायला बसवावं.

धोकाही इथेच आहे. हळव्या मुलाला ‘बायल्या’ म्हणणारा गट कुठल्याही वर्गात तयार होतो. शिक्षकच ‘बांगड्या भर’ म्हणाला, तर त्या गटाला मोकळं रानच मिळतं. शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने मारच नव्हे, मानसिक छळही बंद केला आहे. ‘मुलगे माराशिवाय ऐकत नाहीत’ ही सबब आता चालू देऊ नये.

प्रवेश घेताना दहावीचा निकाल जरूर विचारा. पण रडू आलेला मुलगा इथे कोणाकडे जातो, हेही विचारा. उत्तरात एकाही माणसाचं नाव आलं नाही, तर दुसरी शाळा बघा.