बुजऱ्या मांजराला घर आपलेसे वाटण्यासाठी

रस्त्यावरून किंवा निवारागृहातून आणलेले मांजर अनेकदा पहिल्याच दिवशी पलंगाखाली किंवा कपाटामागे शिरते. दिवसभर ते बाहेर येत नाही, हात पुढे केला की फिस्कारते. अशा वेळी ‘हे मांजर माणसाळणार नाही’ असा निष्कर्ष काढून काही कुटुंबे त्याला पुन्हा सोडून देतात. वास्तविक, हा रागीटपणा नसून भीती असते आणि बहुतेक मांजरांच्या बाबतीत ती कमी करता येते.

या भीतीचे मूळ बालपणात असते. पिलू साधारण दोन ते सात आठवड्यांचे असताना त्याला माणसाचा स्पर्श मिळाला, तर ते पुढे माणसांत सहज वावरते, असे अमेरिकेतील आयलीन कार्श यांच्या १९८० च्या दशकातील संशोधनातून दिसून आले. हा काळ माणसांपासून दूर गेलेल्या मांजराला विश्वास बसण्यास अधिक वेळ लागतो. शिवाय मांजर हा शिकारी असला, तरी मोठ्या प्राण्यांचे भक्ष्यही आहे. त्यामुळे अनोळखी जागी लपणे हे त्याचे स्वाभाविक संरक्षण होय.

म्हणूनच सुरुवातीला त्याला संपूर्ण घर मोकळे न करता एकच शांत खोली द्यावी. तेथे पाणी, अन्न आणि त्यांपासून दूर वाळूचा ट्रे ठेवावा. पुठ्ठ्याचे एक साधे खोकेही उपयोगी पडते. नेदरलँड्समधील एका निवारागृहात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लपण्यासाठी खोके मिळालेल्या मांजरांचा ताण लवकर कमी झाल्याचे आढळले.

लपलेल्या मांजराला ओढून बाहेर काढू नये. रोज ठरावीक वेळी खाणे द्यावे, जवळ बसून हळू आवाजात बोलावे. टक लावून पाहणे मांजराला धमकीसारखे वाटते. त्याऐवजी डोळे किलकिले करून सावकाश मिटावेत. असे केल्यास मांजरे अनोळखी माणसाच्याही जवळ येण्याची शक्यता वाढते, असे ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात दिसले. दूध हा मांजराचा आहार मानला जातो. पण बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही. दिवाळीत फटाक्यांच्या काळात खिडक्या बंद ठेवून त्याची लपण्याची जागा मोकळी ठेवावी.

मात्र प्रत्येक विचित्र वागणे हे भित्रेपणाचे लक्षण नसते. मांजर आजार लपवते. चोवीस तासांहून अधिक काळ काहीच न खाणे किंवा लघवीसाठी वारंवार बसूनही ती न होणे, ही पशुवैद्यकाकडे तातडीने नेण्याची लक्षणे आहेत. विशेषतः बोक्यांमध्ये मूत्रमार्ग अडल्यास जिवाला धोका असतो. माणसांसाठीचे पॅरासिटामॉल मांजरासाठी विषारी असल्याने ते कधीही देऊ नये.

मांजर चावल्यास किंवा त्याने ओरखडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावी आणि रेबीज प्रतिबंधक लसीसाठी त्वरित डॉक्टरांकडे जावे. मांजराचेही लसीकरण व निर्बीजीकरण करून घ्यावे.

काही मांजरे आठवडाभरात रुळतात, काहींना अनेक महिने लागतात. एखादे मांडीवर कधीच येत नाही, परंतु त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर निर्धास्त झोपते. भित्र्या जिवाच्या लेखी तोही विश्वासच असतो.