माप न घेता

सकाळी साडेनऊ. शहागंजात भाजीच्या गाड्या केव्हाच लागल्यात, कापडाच्या दुकानांची शटरं मात्र आत्ता कुठे वर जातायत. माझ्या यादीत एकांकिकेसाठी आठ कैदी आहेत, ऑशविट्झच्या छळछावणीतले. निळ्या-करड्या उभ्या पट्ट्यांचा सदरा, पायजमा, गोल टोपी. प्रयोग परवा.

दहा. पहिल्या दुकानात चकचकीत शर्टिंग, दुसऱ्यात नाइट ड्रेसचं कापड. चौथा दुकानदार म्हणाला, "नाटकाला ना? मग गादीचं घ्या." जाडंभरडं, पांढऱ्यावर निळे पट्टे. हेच हवं होतं.

अकरा. मास्तरांचं दुकान घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या बोळात आहे. "पोरं कुठायत? मापं?"

मापं नकोत म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. छावणीत माप कुणी घेत नसे. हाती येईल ते अंगात घालायचं. उंचाला आखूड, काटकुळ्याला घोळदार. सुतळीने पायजमा बांधायचा, पायात लाकडी खडावांसारखं काहीतरी.

"मग ताई, माझं काय काम? चाळीस वर्षं अंगाला बसेल असं शिवतोय. हर्सूलच्या जेलातले पांढरे कपडेसुद्धा माणसाला बसतात."

तरी कात्री उचलली. न बसणारं शिवणं त्यांना फार जड गेलं; दोनदा सवयीने खांदा नीट काढला, दोनदा उसवला.

साडेबारा. "तिकडं हे शिवायचं कोण?"

राव्हन्सब्रुकच्या बायकांच्या छावणीत कैदी बायकाच. नग कमी भरले की मार.

"कारागिराला मारून शिलाई सरळ येते का?" मास्तर मशीनलाच म्हणाले.

दोन. चहा. नंतर त्रिकोण कापले. राजकीय कैद्याला लाल, गुन्हेगाराला हिरवा, 'समाजाला नकोसा' त्याला काळा, समलिंगी पुरुषाला गुलाबी, यहोवाच्या साक्षीदारांना जांभळा. ज्यूंना दोन त्रिकोणांचा तारा. दिग्दर्शक पोराला सरसकट पिवळे तारे हवे होते, प्रेक्षकांना पटकन कळावं म्हणून. मी तिघांना लाल लावले, वर पोलंडचं 'पी' अक्षर. प्रेक्षकांनीही थोडे कष्ट घ्यावेत.

साडेतीन. पांढऱ्या पट्टीवर आकडे रंगवले. आकड्यांनी माणूस ओळखणं आपल्यालाही नवं नाही. अंदमानात सावरकरांच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर ३२७७८ होता आणि सुटकेचं साल १९६०.

आकडे रंगवतानाच खटकलं. ऑशविट्झला नेलेले सुमारे १३ लाख. नोंद होऊन नंबर मिळालेले साधारण ४ लाख. उरलेल्यांतले बहुतेक सगळे गाडीतून उतरल्यावर थेट गॅसच्या कोठडीत गेले. म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बायका तर जवळजवळ हटकून. आमच्या आठांतली एक आजी आहे, १९४४ साली हंगेरीतून आलेली. तिला हे पट्टे मिळालेच नसते.

चार. दिग्दर्शकाला फोन. "ताई, आजीच पट्ट्यांत सगळ्यांत भारी दिसते!" दिसते, पण खोटं दिसते. अर्धा तास वाद. शेवटी ठरलं, आजी पहिल्या प्रवेशात येईल, स्वतःच्या घरच्या कोटात, आणि पुन्हा दिसणार नाही.

सहा. बोळात दिवे लागले. सात जोड घडी घालून पिशवीत. आठव्याचं कापड कापूनच झालं होतं. मास्तरांनी ते उशीच्या अभ्र्यांसाठी बाजूला ठेवलं.

"आणि तो कोट? तो तर त्या बाईचा स्वतःचाच ना? तिच्या गावच्या शिंप्याने शिवलेला?"

"हो."

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली. "मग उद्या सकाळी त्या पोरीला पाठवा. छाती, बाही, उंची, सगळं माप लागेल."