बिनआगीचं डांबर

गणपतीच्या तोंडावर लालबाग-परळकडे चक्कर मारलीत, तर कुठेतरी तापलेल्या डांबराचा वास येतोच. धूर, रोलर, बुटांवर गोणपाट बांधलेले कामगार. डांबरी रस्ता म्हटलं की हेच डोळ्यांसमोर येतं. पण डांबर न तापवताही रस्ता होतो. हॉस्टेलवर निम्मी मंडळी गावाकडची, आणि मी पडलो सिव्हिलवाला, म्हणून हा लेख.

मुळात डांबर तापवतात कशाला? एरवी ते इतकं घट्ट असतं की खडीला माखतच नाही. म्हणून १६० अंशांच्या आसपास नेऊन पातळ करायचं. मुंबईत प्लांट जवळ असतो. घाटापलीकडच्या वाडीत डंपर पोचेपर्यंत माल गार होतो आणि रोलरखाली नीट दबत नाही. मग जागेवरच पिंपाखाली लाकडं पेटवायची. हात भाजतात, धूर छातीत जातो, आणि जास्त तापलं तर डांबर करपून ठिसूळ होतं ते वेगळंच.

यावर उपाय म्हणजे बिटुमेन इमल्शन. आपल्या मेसचं दूध आठवा (त्यात दूध किती, हा वाद नंतर). दुधात स्निग्धाचे कण तरंगतात, तसे इथे डांबराचे काही मायक्रॉनचे थेंब पाण्यात तरंगतात. साबणासारखं एक रसायन त्यांना एकत्र येऊ देत नाही. रस्त्याला वापरतात त्या कॅटायनिक इमल्शनमध्ये थेंबांवर धन भार असतो, ओल्या खडीवर बहुधा ऋण. थेंब खडीकडे ओढले जातात आणि दूध नासावं तसं इमल्शन फुटतं. डांबर खडीला, पाणी बाजूला. चॉकलेटी रंग काळा झाला की फुटलं समजायचं. खडी दमट असली तरी बिघडत नाही, उलट थोडी ओलावूनच घेतात.

आता दादरचा माझा एक मित्र विचारतो, 'म्हणजे पावसाळ्यात खड्ड्यात ओततात ते कोल्ड मिक्स?' नाव तेच, वस्तू वेगळी. महापालिकेच्या वरळीच्या प्लांटमध्ये २०१८ च्या सुमारास बनू लागलेला किंवा त्याआधी परदेशातून आणलेला माल खड्डा तात्पुरता बुजवण्यासाठी. पोत्यात टिकावा म्हणून अशा मालातलं डांबर सहसा हलक्या तेलाने किंवा रसायनाने मऊ ठेवलेलं असतं. त्यावरून गावच्या रस्त्याची परीक्षा करू नये.

गावच्या रस्त्याची खरी परीक्षा पाण्याची. हिशेब बघा. २० मिलिमीटरच्या प्रीमिक्स कार्पेटला चौरस मीटरला साधारण दीड किलो डांबर लागतं. ३.७५ मीटर रुंदीच्या एका किलोमीटरला झालं साडेपाच टनांच्या वर. यासाठीच्या मीडियम सेटिंग इमल्शनमध्ये जवळपास एक तृतीयांश पाणी, म्हणजे सुमारे ३ टन पाणी त्या पातळ थरातून निघून जायला हवं! चॉकलेटी असतानाच रोलर फिरवला, किंवा संध्याकाळी सर आली, तर डांबर वाहून जातं आणि खडी सुटते. मग लोक म्हणणार, थंड डांबर फसवं. फसवी असते ती घाई.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली. तिच्यातले बरेच रस्ते आसामसारख्या पावसाळी राज्यात याच पद्धतीने झाले, आणि २०१४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसने त्यासाठी वेगळी मार्गदर्शिका काढली. तरी उसाच्या भरल्या ट्रॉल्या रोज जाणार असतील तिथे मी तरी हे सुचवणार नाही. एसटी, दुधाचा टेम्पो आणि चार मोटारसायकली, एवढ्यासाठी मात्र उत्तम.

सुट्टीत गावी असं काम चालू दिसलं, तर पिंपावरचा ग्रेड वाचा. 'आरएस' लिहिलेलं इमल्शन मिक्सरमध्ये ओतत असतील तर जरूर विचारा. ते इतक्या लवकर फुटतं की खडी माखायच्या आत गोळे होतात. ते टॅक कोटला, म्हणजे खालच्या थरावर फवारायला ठीक.